वीज कोठें वांचवावी ?

वीज वांचवावी, हा उपदेश आतां कोणत्याहि सुशिक्षित घराला नवा राहिलेला नाहीं. जुना दिवा काढून एलईडी दिवा लावावा, कमी वीज खाणारा पंखा घ्यावा, छप्पर तापूं नये अशी तजवीज करावी, हें सर्वांस ठाऊक आहे. अशा कामांस उत्तेजन देण्यासाठीं वीजकंपन्या आणि सरकारें लोकांच्याच पैशांतून सवलती देतात. परंतु एक प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. एका ठिकाणीं वांचलेलें एक युनिट आणि दुसऱ्या ठिकाणीं वांचलेलें एक युनिट, यांचें मोल सारखेंच असतें काय ? घरीं येणाऱ्या बिलावरून पाहिलें तर उत्तर ‘होय’ असें येतें. कारण एका कंपनीच्या क्षेत्रांत एका वर्गाच्या ग्राहकांस दर बहुधा एकच असतो. वीज उत्पन्न करून ती पोंचविण्याचा खर्च पाहिला, तर मात्र उत्तर ‘नाहीं’ असें येतें.

हापूस आंब्याचें उदाहरण घ्यावें. कोंकणांतील आंबा पुण्यास थोडा महाग मिळतो, कारण वाटेंत भाडें पडतें व कांहीं फळें नासतात. ऐन हंगामांत घाटांतील वाहतूक खोळंबली, तर कोंकणांत माल पडून राहतो व भाव उतरतो, आणि पुण्यांत तोच भाव चढतो. फळ तेंच, वाट अडल्यामुळें भाव दोन होतात.

विजेचीहि गत अशीच आहे. समजा, खाणीजवळच्या केंद्रांत एक युनिट ३ रुपयांत तयार होतें, आणि दूरच्या शहरालगतच्या केंद्रांत त्याच युनिटास ८ रुपये पडतात. दोहोंस जोडणारी वाहिनी १०० मेगावॉट वाहूं शकते, आणि सायंकाळीं शहराची मागणी १२० मेगावॉट होते. वरचे २० मेगावॉट महागड्या केंद्रांतूनच घ्यावे लागतात. अशा घटकेस खाणीजवळ एक युनिट वांचविलें तर ३ रुपये वांचतात; शहरांत वांचविलें तर ८ रुपये वांचतात. दिवा तोच, बचत तितकीच, पण मोल अडीचपटीहून अधिक.

त्या ठिकाणीं व त्या घटकेस आणखी एक युनिट पुरविण्यास जो खर्च येतो, त्यास स्थानिक सीमांत किंमत म्हणतात. तिचे भाग तीन : उत्पादनाचा खर्च, वाहिनीवरील गर्दीचा खर्च, आणि तारांत उष्णतेच्या रूपानें नष्ट होणाऱ्या विजेचा खर्च. हा तिसरा भाग वरवर दिसतो तितका लहान नाहीं. तारेंतील नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. प्रवाह दुप्पट झाला कीं नाश चौपट होतो. म्हणून शेवटच्या युनिटापायीं होणारा नाश सरासरी नाशाच्या जवळजवळ दुप्पट असतो. लांबच्या तारेच्या टोंकाशीं गर्दीच्या वेळीं केलेली बचत अधिक फलदायी ठरते, ती यामुळेंच.

या विचाराची शास्त्रीय मांडणी अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेचे प्राध्यापक फ्रेड श्वेपे व त्यांचे तीन सहकारी यांनीं १९८८ सालीं ग्रंथरूपानें केली. न्यूझीलंडनें १९९६ मध्यें हा प्रकार व्यवहारांत आणला, आणि अमेरिकेच्या पूर्व भागांतील पीजेएम या वीजबाजारांत तो १९९८ पासून सुरू झाला. न्यूयॉर्क राज्यांत उत्पादकास त्याच्या जोडणीच्या ठिकाणचा भाव मिळतो, आणि वीज उचलणाऱ्यांसाठीं राज्याचे ११ विभाग केलेले आहेत. नायगाऱ्याकडील भागांत जलविद्युत् मुबलक. न्यूयॉर्क शहराकडे येणाऱ्या वाहिन्या मात्र वारंवार भरून जातात, व तेथील भाव सामान्यतः चढा राहतो.

हे भाव घरोघर लागू करावेत, असा याचा अर्थ नव्हे. घटकेघटकेला बदलणारा दर गृहस्थानें पाहत बसावें, ही अपेक्षा अवाजवी आहे. आणि केवळ राहण्याच्या जागेमुळें गरिबाचें बिल फुगावें, हेंहि न्याय्य नाहीं. परंतु जो भाव गृहस्थास दिसत नाहीं, तो सवलतीचा पैसा वांटणाऱ्यानें तरी पाहिला पाहिजे. सर्वत्र सारखी सवलत दिल्यास जेथें बचत फारशी उपयोगाची नाहीं तेथें पैसा जातो, आणि जेथें तिची निकड आहे तेथें तो अपुरा पडतो.

यांत एक उणीव ध्यानांत ठेवावी लागते. घाऊक बाजाराचा भाव मोठ्या वाहिन्यांवरील गर्दी सांगतो. गल्लींतील केबलवरचा ताण तो सांगत नाहीं. तो ताण निराळा मोजावा लागतो. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन व क्वीन्स भागांत हेंच घडलें. तेथील कांहीं वस्त्यांवर २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत सुमारे ६९ मेगावॉट जादा भार येईल, असा कॉन एडिसन या वीजकंपनीचा अंदाज होता. नवें उपकेंद्र उभारण्यास सुमारे १०० कोटि डॉलर लागले असते. त्याऐवजीं राज्याच्या लोकसेवा आयोगानें डिसेंबर २०१४ मध्यें २० कोटि डॉलरपर्यंतच्या योजनेस मंजुरी दिली. लहान दुकानांचे व बिऱ्हाडांच्या इमारतींचे दिवे बदलणें, यंत्रें सुधारणें, बॅटऱ्या बसविणें अशीं कामें नेमक्या त्याच वस्त्यांत करण्यांत आलीं. तेथें भार दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत टिकत असे; म्हणून त्या तासांतील बचतीस विशेष महत्त्व दिलें गेलें. शहराच्या दुसऱ्या टोंकास तेवढेच दिवे बदलले असते, तर त्या उपकेंद्राचा खर्च एका डॉलरनेंहि टळला नसता.

हिंदुस्थानांतहि हा भेद अपरिचित नाहीं. येथील वीजबाजारांत वाहिन्या भरल्या म्हणजे विभागवार निराळे भाव निघतात. दक्षिणेकडील जाळें पूर्वीं उर्वरित देशाशीं मर्यादित दुव्यांनींच जोडलेलें होतें, व ते दुवे भरले कीं दक्षिणेंतील भाव चढत. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन सारा देश एका जाळ्यांत आला. पुढें ५ जानेवारी २०१५ पासून उजाला योजनेनें ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वांटले. दिवा स्वस्त करून घरोघर पोंचविणें हा तिचा हेतु होता, आणि तो तिनें साधला. कोणत्या वाहिनीखालीं दिवा आधीं लागावा, हा प्रश्न तिच्यापुढें नव्हता.

तो प्रश्न यापुढें विचारावा लागेल, परंतु विवेकानें. एका दिवसाचा भाव पाहून योजना आंखूं नये. शीतकपाट पंधरा वर्षें चालतें, आणि तेवढ्या काळांत नवी वाहिनी झाली तर महाग जागा स्वस्त होऊं शकते. म्हणून पुढील अनेक वर्षांचा अदमास घ्यावा. तसेंच, निधि सर्व ग्राहकांच्या बिलांतून जमत असेल, तर दुर्बळ कुटुंबांस किमान वांटा सर्वत्र मिळालाच पाहिजे. तो वांटा बाजूस काढल्यावर उरलेला पैसा मात्र जेथें तार तापते आहे तेथें जावा. तसें झालें तर अनवश्यक उपकेंद्राचा बोजा टळतो. आणि तो टळल्याचा लाभ ज्यांच्या घरीं सवलतीचा एकहि दिवा आला नाहीं, त्यांच्याहि बिलांत उतरतो.