भुकटीतले चेहरे

संपादकांना लेख हवा होता फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाची प्रेयसी मादाम द पोम्पादूर हिच्यावर. पण तिचं लूव्रमधलं पूर्णाकृती चित्र न्याहाळताना माझी नजर अडली ती कागदांच्या जोडांवर. जवळपास पावणेदोन मीटर उंचीचं हे चित्र तैलरंगातलं नाही. कॅनव्हासवर निळसर कागद चिकटवून ते पेस्टलच्या कांड्यांनी रंगवलंय, आणि चेहऱ्याचा कागद तर वेगळा, वरून डकवलेला. रेशमी झग्याची चमक, टेबलावरचा ‘विश्वकोशा’चा चौथा खंड, सगळी नुसती भुकटी!

चित्रकार मोरीस काँतँ द ला तूर. जन्म १७०४, उत्तर फ्रान्समधल्या सँ-काँतँ गावी. व्हेनिसची रोझाल्बा कॅरिएरा १७२० मध्ये पॅरिसला आली आणि तिथे पेस्टलचं वेड पसरलं. ला तूरनेही हेच माध्यम धरलं. १७४६ मध्ये फ्रान्सच्या राजेशाही चित्रकला अकादमीचं पूर्ण सभासदत्व मिळालं. व्हॉल्तेर, रूसो, खुद्द पंधरावा लुई, सगळे त्याच्यासमोर बसले.

मला मात्र भुरळ घातली ती त्याच्या पूर्वतयारीच्या चित्रांनी. कपडे नाहीत, हात नाहीत, नुसता चेहरा. जवळून पाहिलं तर गालावर सुटे, न घोटलेले फटकारे दिसतात. सावलीत चक्क हिरवट-निळे. चार पावलं मागे सरकलं की तीच कातडी जिवंत होते आणि ओठ आता काहीतरी बोलणार असं वाटतं. पूर्ण केलेल्या भपकेबाज चित्रांपेक्षा मला हीच मोठी वाटतात.

पेस्टलमध्ये रंगद्रव्य बांधायला डिंक अगदी नावापुरता. भुकटी कागदाच्या लवेवर बसते, म्हणून रंग ताजा दिसतो. आणि म्हणूनच बोट लागलं की निघतो. भुकटी पक्की करायला द्राव मारावा, तर रंग गडद होतो, मखमलीपणा जातो. हा तिढा सोडवण्यासाठी ला तूर वर्षानुवर्षं धडपडला. शिवाय समाधान हा त्याचा स्वभावच नव्हता. अकादमीला दिलेलं चित्रकार रेस्तूचं व्यक्तिचित्र त्याने पुन्हा हाती घेतलं आणि सुधारता सुधारता बिघडवलं. उतारवयात बुद्धीही ढळली. १७८८ मध्ये तो जन्मगावीच वारला.

तयारीचे पुष्कळसे चेहरे सँ-काँतँच्या लेक्युये संग्रहालयात आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, जर्मन सैन्याने ते मोबज गावी हलवले. युद्धानंतर चित्रं परतली, पण संग्रहालयाची इमारत उद्ध्वस्त झाली होती. नवी १९३२ मध्ये उभी राहिली. शत्रूच्या वाहनांतून जाऊनही ते चेहरे टिकले याचा आनंद आहेच. तरी काळजी सुटत नाही. उजेड जास्त झाला तर नाजूक रंग उडतात, दमट हवेत बुरशी धरते, आणि हादरा बसला की कण सुटतात. ते परत बसवता येत नाहीत.