ठरावाखालची रेघ

"शंभर झाले का, भाऊसाहेब?" मंदिराच्या पायरीवरून पुन्हा विचारणा झाली. ग्रामसेवक हजेरीच्या सह्या मोजत होते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं आली की ग्रामसभेची गणपूर्ती होते. नाही आली, तर सभा तहकूब. तहकूब सभेला मग गणपूर्तीचं बंधन नसतं, आणि नेमक्या त्या सभेत नको तो ठराव पास होतो, असं इथल्या बायकांचं म्हणणं. म्हणून त्या दारोदार फिरून माणसं उठवून आणत होत्या. पुन्हा हाक आली, "शंभर झाले का?"

खडवली स्टेशनवरून रिक्षाने थोडं आत गेलं की हे गाव लागतं. शेतांच्या कडेला मोठा गृहप्रकल्प येऊ घातलाय, बिल्डरला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवाय. त्यावर गाव मत देणार हे कळलं आणि मी कसारा लोकल पकडली. कारण घरबांधणीच्या मंजुरीवर आपल्याकडे लोकांचं मत घेतं कोण? शहरात फार तर हरकती-सूचना मागवतात. अर्ज द्या, सुनावणीला या, घरी जा. डोंबिवलीलगतच्या २७ गावांचं उदाहरण जवळचंच आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेतून ती २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये परत घेतली. गावांनी आंदोलनं केली, बहिष्कार घातले. मतपेटी मात्र त्यांच्यासमोर कोणी ठेवली नाही.

ती ठेवली गेली पेण तालुक्यात. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) जमिनी द्यायच्या की नाही, यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारनेच मतदान घेतलं. त्यामागे शेकापचे नेते प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांनी उभारलेला लढा होता. शेतकऱ्यांनी भरभरून नकार नोंदवला. निकाल सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही, पण पुढे भूसंपादनाची मुदतच टळून गेली. एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती: मत होतं ते जमिनीच्या खातेदाराला. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्या कातकऱ्याला विचारलंच नाही.

इथे ग्रामसभेत तरी गावचा प्रत्येक मतदार बसू शकतो. कातकरी वाडीवरची माणसं आली होती, मागे उभी होती. "पुढं या, बसा," असं सरपंचताईंनी दोनदा सांगितलं तेव्हा सरकली.

चर्चा पाण्यावरच अडली. इथल्याच भातसा नदीवरच्या धरणातून मुंबईला तिच्या रोजच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी जातं. "नदी आमच्या दारातनं जाते, न मार्च लागला की आमी टँकरची वाट बघतो. त्या बिल्डिंगींना कुठनं देणार?" एका बाईने विचारलं. बिल्डरच्या माणसाने बोअरवेलचं नाव काढताच गलका झाला. ज्यांनी जमिनी आधीच विकल्यात ती घरं गप्प होती. हात वर करायची वेळ आली तेव्हा एका तरुणाने हात अर्धा उचलला, चुलत्याकडे पाहिलं आणि खाली घेतला. दारूचं दुकान बंद करायचं तर आपल्याकडे २५ टक्के महिला मतदारांच्या लेखी मागणीवर गुप्त मतदान होतं, उभी बाटली की आडवी. पाण्याचा नि जमिनीचा प्रश्न त्याहून लहान आहे का? त्या पोराला चिठ्ठी मिळायला हवी होती.

कॅलिफोर्नियात शहराने गृहप्रकल्पासाठी केलेला जमीनवापराचा बदल सह्या गोळा करून मतदानाला नेता येतो. पालो अल्टोच्या मतदारांनी २०१३ मध्ये एक प्रकल्प असाच रद्द केला. त्यात ज्येष्ठांसाठी ६० परवडणारी घरंही होती. ज्यांना ती मिळाली असती, त्यांतल्या बाहेरगावच्यांना मत नव्हतं. हे मला बोचतं. ठाण्याजवळच्या दिवा गावात चाळीतल्या दहा बाय दहात राहणाऱ्यालाही घर हवंच आहे. तरीही आधीपासून राहणाऱ्याला न विचारता त्याचं पाणी वाटून टाकणं मला मान्य नाही.

दाखला देऊ नये, असा ठराव बहुमताने झाला. सूचक, अनुमोदक अशी नावं लिहून भाऊसाहेबांनी वही पुढे केली. सत्तरीची एक आजी अंगठा द्यायला आली. शाईचं पॅड कोरडं पडलं होतं, त्यात पाण्याचे दोन थेंब टाकावे लागले. तिने अंगठा टेकवण्याआधी विचारलं, "काय लिवलंय ते वाचा." भाऊसाहेबांनी वाचलं. "आता हितं रेघ मारा," शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून ती म्हणाली. मागे एकदा हजेरीच्या सह्यांवर नंतर कोणीतरी मजकूर चढवला होता, असं तिच्या सुनेने मला सांगितलं. भाऊसाहेबांनी पट्टी घेऊन कोऱ्या जागेवर तिरकी रेघ ओढली. मग अंगठा उमटला.

पण बांधकामाची परवानगी या वहीत नसते. नकाशे नगररचना विभाग तपासतो, मंजुरी महसूल यंत्रणेकडून येते. ठरावाचं वजन तिथे किती, ते साहेबांवर. म्हणून मंगळवारी नक्कल घेऊन कल्याणला तहसील कचेरीत जायचं ठरलं. कोण कोण येणार याची यादी लागली. आजीने आपलं नाव पहिलं घालायला लावलं आणि बजावलं, "पोच घेतल्याबिगर उठायचं नाय."