सगळ्यांचा डेटा एकाच भावात: नेट न्यूट्रॅलिटी कशी चालते?

घाटकोपरला कुणी मोबाइलवर मराठी विकिपीडियाचं पान उघडतं. मुलुंडला कुणी मायबोलीवर अनारशाची कृती शोधतं. बोरिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये कुणी एम-इंडिकेटरच्या ट्रेन चॅटवर गाडी रखडल्याची बातमी मागच्या स्टेशनांवरच्या प्रवाशांना देतं. शेजारच्या सीटवर यूट्यूब चालू असतं. विकिपीडिया देणग्यांवर चालतो आणि त्याची मराठी आवृत्ती २००३ पासून स्वयंसेवक लिहीत आले आहेत. मायबोली १९९६ मध्ये परदेशातल्या मराठी माणसांनी सुरू केली. यूट्यूबच्या पाठीशी गूगल आहे. तरीही या सगळ्यांचा एक एमबी डेटा ग्राहकाला सारख्याच भावात पडतो आणि मोबाइल कंपनी त्यातल्या कुणालाही मुद्दाम मागे ठेवू शकत नाही.

हे आपोआप झालेलं नाही. त्यामागे नियम आहे आणि तो भारतात लोकांनी भांडून मिळवला आहे. त्याचं नाव नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे इंटरनेटची समानता. अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक टिम वू यांनी २००३ मध्ये ही संज्ञा रूढ केली. तत्त्व मात्र अगदी रोजच्या व्यवहारातलं आहे. घरातला विजेचा मीटर युनिट मोजतो. त्या विजेवर पंखा फिरला की मिक्सर, हे तो विचारत नाही. इंटरनेट कंपनीनेही डेटा मोजावा, त्याचे पैसे घ्यावेत, पण तो कुणाचा आहे हे पाहून भाव किंवा वेग ठरवू नये.

पान फोनपर्यंत कसं येतं?

आपण मागवलेलं पान अखंड येत नाही. त्याचे साधारण १,५०० बाइटपर्यंतचे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतली यंत्रं तो पत्ता वाचून पॅकेट पुढे ढकलतात आणि शेवटी आपला फोन सगळे तुकडे जुळवून पान दाखवतो.

मुंबईच्या उपनगरांत या वाटेचा शेवटचा टप्पा बरेचदा केबलवाल्याच्या हातात असतो. टीव्हीसाठी गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या केबलच्या जाळ्यातूनच पुढे अनेक घरांत ब्रॉडबँड आलं. केबलवाल्याची लाइन मोठ्या कंपनीच्या जाळ्याला मिळते आणि ते जाळं शहरातल्या एक्स्चेंजमध्ये व डेटा सेंटरमध्ये इतर जाळ्यांना मिळतं. परदेशातून येणारी पॅकेट समुद्राखालच्या केबलमधून येतात. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, काही वर्षांपूर्वीच्या नोंदीनुसार अशा १७ आंतरराष्ट्रीय केबल देशातल्या पाचच शहरांत किनाऱ्याला लागत होत्या. मुंबई त्यातलं प्रमुख शहर आणि अंधेरीतलं वर्सोवा हे मुंबईत त्या उतरण्याचं मोठं ठिकाण. परदेशातल्या सर्व्हरवरचं पान घाटकोपरला पोचतं ते बरेचदा वर्सोव्याच्या वाळूखालून.

या सगळ्या प्रवासात ग्राहकाचा पैसा एकाच कंपनीकडे जातो: ज्या कंपनीचं रिचार्ज किंवा वायफाय त्याने घेतलं तिच्याकडे. शेवटचं दारही त्याच कंपनीच्या ताब्यात असतं. प्रश्न त्या दाराशी सुरू होतो.

दाराशी काय करता येतं?

कंपनीला पॅकेटवरचा पत्ता दिसतो. हल्ली बहुतेक संकेतस्थळं मजकूर कूटबद्ध करून पाठवतात, त्यामुळे आपण काय वाचतो ते दिसत नाही. पण कोणत्या संकेतस्थळावर जातो ते सहसा कळतं. पॅकेटची रचना आणि येण्याची लय तपासून तो व्हिडिओ आहे की फोन कॉल, हेही यंत्रांना ओळखता येतं. एवढी माहिती हातात असली की तीन गोष्टी शक्य होतात.

पहिली, अडवणं: एखादं संकेतस्थळ उघडूच न देणं. दुसरी, वेगात फरक: ज्याने पैसे दिले त्याची पॅकेट आधी सोडणं, इतरांची रांगेत ठेवणं. तिसरी, भावात फरक: एक ॲप फुकट, बाकीच्यांचा डेटा पॅकमधून वजा. या तिसऱ्या प्रकाराला झिरो रेटिंग म्हणतात. तो फार गोड दिसतो, कारण त्यात ग्राहकाला काहीतरी मोफत मिळतं. छोट्या गटांना सगळ्यात जास्त धोका मात्र त्याचाच असतो.

समजा, मुलुंडमधल्या काही मंडळींनी जुन्या नाटकांच्या आठवणींचं संकेतस्थळ काढलं. तिथे लेख आहेत, छायाचित्रं आहेत, ध्वनिफिती आहेत. वाचक जेमतेम काही शे. आता एका कंपनीने एक मोठं समाजमाध्यम फुकट केलं. महिनाअखेरीला रिचार्ज संपत आलेला माणूस कुठे जाईल? फुकट तिथे. नाटकाच्या संकेतस्थळावर कुणी बंदी घातलेली नाही, तरी त्याचे वाचक आटत जातात. न आलेला वाचक तक्रार करत नाही. तो का आला नाही, हे चालवणाऱ्यांना कधीच कळत नाही. मोठ्या कंपन्या प्रत्येक शहरातला आपला वेग मोजतात, घट दिसली की बोलणी करतात, वकील लावतात. काही शे माणसांच्या गटाकडे यातलं काहीच नसतं. सर्वांशी सारखं वागण्याचा नियम एवढंच त्यांचं भांडवल, आणि तो गेला तर आपलं काय गेलं हेसुद्धा त्यांना सिद्ध करता येत नाही.

२०१५: प्रश्न घरापर्यंत आला

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी नेहमीच्या डेटा पॅकपेक्षा वेगळे पैसे घेण्याचं जाहीर केलं आणि टीका होताच काही दिवसांत ते मागे घेतलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने इंटरनेट डॉट ऑर्ग ही सेवा आणली. सुरुवातीच्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्रही होता. ठरावीक संकेतस्थळं फुकट, बाकी इंटरनेट विकत. एप्रिलमध्ये एअरटेल झिरो आलं. त्यात ग्राहकाच्या डेटाचे पैसे ॲपच्या मालकाने भरायचे होते.

दरम्यान २७ मार्चला ट्रायने सल्लामसलत पत्र काढलं. ते लांब आणि किचकट होतं. स्वयंसेवकांनी ते सोप्या भाषेत मांडलं, उत्तरांचा मसुदा करून दिला आणि ‘सेव्ह द इंटरनेट’ ही मोहीम उभी राहिली. मुंबईतल्या एआयबी या विनोदी कलाकारांच्या गटाचा व्हिडिओ घराघरांत पोचला. २४ एप्रिलच्या मुदतीपर्यंत ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. फ्लिपकार्टने एअरटेल झिरोमधून अंग काढून घेतलं. मुंबईची क्लिअरट्रिप इंटरनेट डॉट ऑर्गमधून बाहेर पडली.

टीकेनंतर फेसबुकने आपली सेवा सर्व संकेतस्थळांना खुली केल्याचं सांगितलं आणि पुढे तिचं नाव फ्री बेसिक्स केलं. पण आत यायला फेसबुकच्या तांत्रिक अटी पाळाव्या लागत होत्या. व्हिडिओ नको, इंटरनेट कॉल नको, मोठी चित्रं नकोत. मुलुंडच्या आपल्या काल्पनिक गटाने ध्वनिफिती ठेवायच्या की नाहीत, हे आधी एका कंपनीच्या नियमावलीत बघावं लागलं असतं. इंटरनेटची मूळ रीत याच्या उलट आहे. तिथे कुणीही कुणाची परवानगी न घेता पान टाकू शकतो. छोट्यांना वाव मिळाला तो या रीतीमुळेच.

नियम नेमका काय आहे?

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावायला मनाई केली. नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत दंड. आणीबाणीच्या सेवांना सवलत देता येते. काही दिवसांतच फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून गुंडाळलं.

हा नियम भावापुरता होता. वेग आणि अडवणूक यांबाबत ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या. जुलै २०१८ मध्ये सरकारने त्या स्वीकारल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्या कंपन्यांच्या परवान्यांच्या अटींत घातल्या गेल्या. मजकूर पाहून अडवणं, खराब करणं, संथ करणं किंवा कुणाला खास वेग देणं मना आहे. केबलवाल्यामागच्या परवानाधारक कंपनीलाही हे लागू आहे.

अपवाद आहेत आणि ते समजून घ्यायला हवेत. जाळ्यावर ताण आला तर कंपनी वाहतूक आवरू शकते, पण तेवढ्यापुरतीच आणि पक्षपात न करता. विशेष दर्जाची हमी लागणाऱ्या काही सेवा वेगळ्या ठेवता येतात. मोठ्या कंपन्या आपल्या मजकुराच्या प्रती ग्राहकाजवळच्या सर्व्हरवर ठेवतात, तेही चालतं. म्हणून यूट्यूब एखाद्या छोट्या संकेतस्थळापेक्षा जलद उघडलं तर तो नियमभंग ठरत नाही. रिचार्जसोबत एखाद्या ओटीटीचं सदस्यत्व मिळतं, तेही यात बसतं, कारण पाहताना डेटा मोजला जातोच.

एक अवघड उदाहरणही सांगायला हवं. २०१३ मध्ये विकिपीडिया झिरो भारतात एअरसेल या मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर आलं होतं. ज्ञानकोश फुकट, यात वाईट काय? हेतू नक्कीच चांगला होता. पण फुकट कुणाला द्यायचं हे ठरवण्याचा अधिकार एकदा कंपनीच्या हाती गेला की तो चांगल्या संस्थेपाशी थांबत नाही. २०१६ चा नियम विकिपीडियालाही सूट देत नाही आणि मला ते योग्य वाटतं.

नियमाच्या पलीकडे काय राहतं?

हा नियम कंपन्यांना बांधतो. सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने होणारी बंदी त्यात येत नाही. जुलै २०२० मध्ये पर्यावरणविषयक अधिसूचनेच्या मसुद्यावर लोकांना मतं पाठवायला मदत करणाऱ्या लेट इंडिया ब्रीदसारख्या गटांची संकेतस्थळं काही काळ उघडेनाशी झाली. तो वाद वेगळ्या कायद्यांचा. तो तितकाच महत्त्वाचा आहे, पण दोन्हींची गल्लत केली तर दाद चुकीच्या दारी मागितली जाते.

दुसरा प्रश्न पैशांचा. आमच्या जाळ्यावर मोठी वाहतूक आणणाऱ्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, अशी दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेची मागणी आहे. ऐकायला ती रास्त वाटते. दक्षिण कोरियात काय झालं ते मात्र पाहा. तिथलं जाळ्याचं शुल्क परवडत नाही असं सांगून ट्विच ही थेट प्रक्षेपणाची सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देश सोडून गेली. तिच्यावर जमलेले छोटे छोटे गट एका निर्णयाने बेघर झाले. शुल्क मोठ्यांवर लावलं तरी त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या छोट्यांना झळ लागतेच.

नियम टिकेलच असंही नाही. अमेरिकेत तो २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये रद्द झाला, २०२४ मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा मोडीत काढला.

आपण काय करावं?

एखादं संकेतस्थळ सतत संथ वाटलं तर तेच पान घरच्या वायफायवर आणि मोबाइल डेटावर उघडून पाहा. दोन्हीकडे संथ असेल तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरचा. एकीकडेच असेल तर आणखी तपासा. वेहे (Wehe) हे मोफत ॲप तुमच्या जाळ्यावर काही नामांकित सेवांची वाहतूक मुद्दाम संथ केली जाते का हे मोजतं. ऊनी प्रोब हे ॲप अडवणूक शोधतं. निकालाचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा. मग कंपनीकडे लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा.

सोसायटीत नवं इंटरनेट घेताना एकाच केबलवाल्याशी बांधून घेऊ नका. दोन पर्याय असले की दार एकाच्या ताब्यात राहत नाही.

आणि ट्रायचं पुढचं सल्लामसलत पत्र निघेल तेव्हा मत पाठवा. ते पत्र ट्रायच्या संकेतस्थळावर खुलं असतं, मुदत आणि पत्ता त्यातच दिलेला असतो. कंपन्यांची उत्तरं वेळेवर जातात, कारण तो त्यांचा धंदा आहे. तुमच्या गटाची बाजू तुम्ही मांडली नाही तर तिथे ती कुणीच मांडणार नाही. २०१५ मध्ये दहा लाख ईमेलनी चित्र पालटलं होतं. एक ईमेल लिहायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास द्या.