पिल्लं का निघाली नाहीत?

थर्माकोलच्या डब्यात बल्ब लावून गावरान अंडी उबवणारे आता गावोगाव दिसतात. एकविसावा दिवस उलटतो, दोन-चार पिल्लं निघतात आणि उरलेली अंडी उकिरड्यावर जातात. ‘कोंबडाच कामाचा नाही’ हा निकाल तयारच असतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ही अंडी टाकण्याआधी फोडून पाहा. पिल्लू साधारण कितव्या दिवशी मेलं हे कळलं, की चूक कुठे झाली ते शोधता येतं.

आत नुसता बलक आणि पांढरं असेल, तरच कोंबड्यावर संशय घ्यावा. पिंजऱ्यातल्या कोंबड्या कोंबड्याशिवायच अंडी घालतात, त्यामुळे दुकानातल्या त्या अंड्यांतून पिल्लू निघणारच नाही. रक्ताचं कडं दिसलं, तर मात्र अंडं फलित होतं आणि गर्भ पहिल्या आठवड्यात गेला. असं बहुधा साठवणीमुळे होतं. अंडी १५ ते १८ अंशांत ठेवून आठवड्याच्या आत लावायला हवीत. एप्रिल-मे महिन्यात माळ्यावर ठेवलेल्या अंड्यांत गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि दुबळा होऊन मरतो.

‘लाइट गेली, अंडी गेली’ हेही खरं नाही. खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी उठतेच. तासा-दोन तासांचा गारवा अंडी सहसा सोसतात. त्या वेळी झाकण उघडू नये, इतकंच. जास्तीची उष्णता मात्र लवकर जीव घेते. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश तापमान हवं. बिनपंख्याच्या डब्यात अंड्यांच्या वरच्या पातळीला साधारण ३८.५ लागतं, कारण तिथे वर आणि खाली तापमान वेगळं असतं. स्वस्त थर्मामीटर एखाद्या अंशाने सहज चुकतो. त्याच्याशेजारी ताप मोजायचा थर्मामीटर ठेवला, की फरक कळतो.

सर्वांत जास्त पिल्लं ज्या समजुतीपायी जातात, ती म्हणजे ‘पाणी जितकं जास्त तितकं बरं’. अंड्याच्या कवचाला हजारो छिद्रं असतात आणि त्यांतून पाणी उडून जायलाच हवं. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटावं लागतं, म्हणजे ५० ग्रॅमचं अंडं साधारण ४४ ग्रॅमवर यावं. घटलेल्या वजनाच्या जागी बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू चोचीने तिथला पापुद्रा फोडून पहिला श्वास घेतं. दमटपणा जास्त झाला तर पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं, पिसं आलेलं पिल्लू सुजून, ओलं-चिकट होऊन आतच गुदमरतं. कोकणात पावसाळ्यात खोलीतली हवाच इतकी दमट असते की पहिले १८ दिवस पाण्याची वाटी कोरडी ठेवावी लागू शकते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात याच्या उलट होतं. पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो आणि त्याला वळताच येत नाही. म्हणून पाण्याचा ठरीव हिशोब नको, वजनकाटा वापरावा. सुरुवातीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता पुरते. अठराव्या दिवसानंतर ती ६५ ते ७० करावी, अंडी फिरवणं थांबवावं आणि झाकण बंद ठेवावं.

मेघगर्जनेने अंडी गंदी होतात म्हणून काही ठिकाणी खुराड्यात लोखंड ठेवतात. गडगडाटाने गर्भ मरत नाही. वादळात वीज जाते, हवा दमट होते, भ्यालेली कोंबडी उठून जाते. लक्ष तिकडे द्यावं.

कवचाला टोच पडली की बाहेरून मदत करण्याची घाई होते. टोच पडल्यावर बाहेर यायला पिल्लाला १२ ते २४ तासही लागतात. तेवढ्या वेळात पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त त्याच्या अंगात जातं आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. कवच आधीच सोललं तर रक्तस्राव होतो. निघालेलं पिल्लूही लगेच उचलू नये. त्या बलकावर ते दोन दिवस दाण्याविना राहू शकतं, तेव्हा पूर्ण वाळेपर्यंत ते डब्यातच असू द्यावं.