आश्रय आहे, कायदा नाही

वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल या साधार भीतीने मायदेशाबाहेर राहणारा माणूस म्हणजे निर्वासित, अशी व्याख्या १९५१च्या जिनिव्हा करारात आहे. ज्याच्या अर्जाचा निकाल व्हायचा आहे तो आश्रयार्थी. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७च्या पूरक कराराने ती मर्यादा काढली. जिथे जिवाला धोका आहे तिथे निर्वासिताला परत धाडायचे नाही, हे कलम ३३ कराराचा गाभा आहे. कलम ३१ कमी चर्चिले जाते, पण तेही तितकेच मोलाचे आहे. थेट संकटातून आलेला माणूस विनापरवाना सरहद्द ओलांडून आला आणि लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झाला, तर त्याला शिक्षा करू नये, असे ते सांगते. ज्या सरकारच्या भीतीने माणूस पळतो, त्याच सरकारकडे तो पासपोर्ट मागणार कसा?

भारताने मूळ आणि पूरक या दोन्ही करारांवर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. १९४६च्या परकीय नागरिक कायद्याच्या लेखी पर्यटक आणि छळातून निसटलेला माणूस दोघेही परकीयच होते. २०२५ साली त्याची जागा घेणाऱ्या कायद्यातही निर्वासित ही वेगळी वर्गवारी नाही. त्यामुळे आश्रय सरकारच्या धोरणावर अवलंबून राहतो, आणि ते गटागणिक बदलते. १९५९पासून आलेल्या तिबेटींना वसाहती मिळाल्या. गोंदिया जिल्ह्यातली नोर्ग्येलिंग त्यांपैकीच एक. श्रीलंकेतील हजारो तमिळ तमिळनाडूच्या छावण्यांत राहिले. अफगाणिस्तान आणि म्यानमारमधून आलेल्यांचे अर्ज संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे दिल्लीतील कार्यालय तपासते, पण त्याने दिलेल्या ओळखपत्रामागे भारतीय कायद्याचे बळ नाही.

ही पोकळी न्यायालयांनी राज्यघटनेच्या आधारे काही अंशी भरली. कलम १४ची समानता आणि कलम २१चा जगण्याचा हक्क नागरिकांपुरते नाहीत. १९६४च्या सुमारास पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमांना अरुणाचल प्रदेशात एका विद्यार्थी संघटनेने राज्य सोडून जाण्यासाठी धमकावले, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी १९९६च्या निकालाने त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली आणि नागरिकत्वाचे अर्ज अडवून न ठेवता केंद्राकडे पाठवायला सांगितले. चकमांच्या पाठीशी निर्वासितांविषयीचा करार नसताना हे घडले, हे त्या निकालाचे मोठेपण.

पुढची वाट मात्र सरळ राहिली नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हद्दपार न होण्याचा हक्क देशात वास्तव्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांचा आहे. विहित कार्यपद्धती पाळून त्यांना परत पाठवता येईल. महिनाही उलटला नव्हता, तोच मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना उच्चायुक्त कार्यालयाशी संपर्क साधण्यासाठी दिल्लीला जाऊ दिले आणि परत न धाडण्याचे तत्त्व कलम २१मध्ये सामावते असे मानले. आश्रयार्थीचे भवितव्य तो कोणत्या न्यायालयाच्या दारात उभा आहे यावर ठरावे, हे अन्यायाचे आहे.

नागरिकत्वाची वाटही निवडकच आहे. नागरिकत्व कायद्यातील २०१९ची दुरुस्ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना लागू होते. रोहिंग्या आणि श्रीलंकेतील तमिळ तिच्याबाहेर राहिले. २०२५च्या एका आदेशाने ९ जानेवारी २०१५पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या शिक्षेतून सूट दिली. नागरिकत्व त्यातून मिळत नाही.