परदेशात शिकायला जमीन विकावी लागते का? कर्जत-खालापूरच्या मुलांसाठी तीन मार्ग

कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाऊसमुळे जमिनीला भाव आला. त्यामुळे मुलाला परदेशी पाठवायचं म्हटलं की घरात पहिला विषय निघतो तो जमीन विकण्याचा. आणि ज्यांच्याकडे जमीनच नाही, ते विचारही करत नाहीत. पण खर्च वाचवणारे मार्ग आहेत.

१. स्टुडंट एक्स्चेंज
यात प्रवेश आपल्याच कॉलेजात राहतो आणि एखादं सेमिस्टर परदेशी विद्यापीठात होतं. फी सहसा इथलीच भरायची. तिथले क्रेडिट इथल्या पदवीत धरले जातात. मात्र दोन्ही संस्थांमध्ये करार हवा. तो नसेल तर हुशार विद्यार्थ्यालाही ही संधी मिळत नाही. म्हणून प्रवेश घेतानाच करार कोणाशी आहे, ते विचारा. विमानाचं तिकीट आणि राहण्याचा खर्च वेगळा असतो, हेही लक्षात ठेवा.

२. इरास्मस मुंडुस
इथे कॉलेजचा करार लागत नाही. पदवीनंतर विद्यार्थी थेट अर्ज करतो. निवड झाली तर किमान दोन देशांत मास्टर्स, फी माफ आणि दरमहा १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने.

३. सरकारी शिष्यवृत्ती
अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा ७५.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत दरवर्षी २० जागा असतात. त्यातल्या ३ आदिम जमातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन आदिम जमाती. म्हणजे कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांतल्या मुलामुलींसाठी हे दार उघडं आहे. अडचण त्याआधीची आहे. ही शिष्यवृत्ती मास्टर्स आणि त्यापुढच्या शिक्षणासाठी मिळते. वीटभट्टीच्या हंगामात कुटुंबासोबत स्थलांतर करणाऱ्या मुलांची शाळाच मध्ये सुटते, मग पदवीपर्यंत पोहोचणार किती?

तयारी कधीपासून?
किमान वर्षभर आधी. पासपोर्ट, जातीचा दाखला, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला यांत महिने जातात. आदिवासी विद्यार्थ्यांनी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. उत्पन्न, वय आणि गुणांच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचाव्यात.

‘शिष्यवृत्ती नक्की मिळवून देतो’ म्हणत कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. यांतला कुठलाच अर्ज भरायला एजंट लागत नाही.