चंद्राला खळे का पडते?

चंद्राला खळे पडले की "काहीतरी वाईट होणार" म्हणत लेकरांना घरात ओढणाऱ्या आयाबाया आम्ही पाहिल्या आहेत. माताभगिनींनो, हे काम बर्फाचे आहे! ऐन उन्हाळ्यातही ८-१० किलोमीटर उंचीवरच्या पातळ ढगांत बर्फाचे षटकोनी कण असतात. त्यांतून जाताना चंद्राचा प्रकाश साधारण २२ अंशांनी वळतो आणि चंद्रापासून तेवढ्याच अंतरावर कडे उमटते. पावसाचा जुना अंदाज मात्र अगदीच खोटा नाही. असे ढग कधी कधी पावसाच्या ढगांपुढे येतात. चंद्राला चिकटून दिसणारे लहान रंगीत वलय निराळे, ते बहुधा पाण्याच्या बारीक थेंबांचे. खात्री करायची? हात लांब करून पंजा ताणा. अंगठा चंद्रावर धरला, तर करंगळी जवळजवळ खळ्याला टेकते.